बंद टीव्हीसमोर पाच मिनिटं

१

आमच्याकडे टीव्ही साडेपाचला लागतो आणि सहाला बंद होतो. पाहुणे आले, कुणाचा वाढदिवस असला, कुणी गडबडा लोळलं तरी वेळ बदलत नाही. हा नियम माझा आहे आणि तो मोडायचा प्रयत्न घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी करून पाहिला आहे.

मी या मुलांची आत्या. सकाळी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते, दीडला घरी येते, आणि तिथून पुढे सातपर्यंत दोन्ही मुलं माझ्या ताब्यात. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. वहिनी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. थोरली मुलगी सहा वर्षांची. तिला आम्ही वकील म्हणतो, कारण दूध प्यायच्या आधी ती दुधाची आणि स्वतःची अशा दोन्ही बाजू मांडते. धाकटा चार वर्षांचा. पाळण्यात असताना तो इतका आवाज करायचा की दादाने त्याचं नाव गप्पू ठेवलं. नाव राहिलं, आवाज गेला.

चार वर्षांच्या गप्पूकडे सात शब्द होते. आई, बाबा, नको, दे, पाणी, गाडी, आणि सातवा 'अं'. तो शब्द आहे असं वहिनी मानायची. मी मानत नव्हते.

जवळच्या शाळेतल्या मुख्य बाई चांगल्या होत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. दोन महिन्यांनी वर्ग सुरू होतील. तोवर पाणी हवंय, दुखतंय, घरी जायचंय, एवढं तरी त्याला वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाहीतर एक वर्ष थांबा. त्या दिवशी वहिनी जेवताना एकदाही मान वर करून बोलली नाही. हात धुताना मला म्हणाली, "माझं चुकलं गं. मी दिवसभर टीव्ही चालू ठेवू दिला."

चूक तिची एकटीची नव्हती. गेली दोन वर्षं या घरात सगळ्यांनाच घाई होती, आणि टीव्हीला कधीच नसते. पण मला अशा वेळी समजूत घालता येत नाही. मी कागद घेतला आणि नियम लिहायला बसले.

२

नियम चार होते. अर्धाच तास. मोठं माणूस समोर बसणार. बंद करायचं बटण मूल स्वतः दाबणार. हे तिन्ही कुठल्याही शहाण्या पुस्तकात मिळतील.

चौथा माझ्या डोक्यातला. टीव्ही बंद झाला की पाच मिनिटं कुणी उठायचं नाही. बंद पडद्यासमोर नुसतं बसायचं. धावणाऱ्या माणसाला दंड धरून थांबवलं तर तो तोल जाऊन पडतो, डोळ्यांचंही तसंच असणार, असा माझा विचार. टीव्ही संपल्यावर मुलं रडतात ती कार्यक्रमासाठी नाही, तो एकदम तुटतो म्हणून रडतात. त्यांना जरा निवू द्या.

"म्हणजे बंद टीव्ही बघायचा?" दादा म्हणाला. "वा, प्राध्यापक. मीपण उद्यापासून बंद लिफ्टमध्ये पाच मिनिटं उभा राहतो. आतल्या माणसांना निवू देतो."

"तू तसंही तेच करतोस," वहिनी म्हणाली. "वर त्याला दुरुस्ती म्हणतोस."

कागद फ्रिजवर लागला. मी बसायला टीव्हीच्या शेजारी एक स्टूल घेतलं, पडद्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड. कार्यक्रम मला ऐकूनही कळतो. मुलं तो कशी बघतात, हे मात्र समोरूनच बघावं लागतं. तेच तर कुणी बघत नाही.

पहिल्या दिवशी गप्पू पाचही मिनिटं रडला. दुसऱ्या दिवशी मुसमुसला. पाचव्या दिवशी त्याने अंगठ्याने बटण दाबलं, रिमोट माझ्या हातात दिला, आणि सोफ्यावर जाऊन मांडी घालून बसला. खोलीत फक्त स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर होती. वकील त्याच्या शेजारी. दोघांचे चेहरे निवांत. मी वहीत लिहिलं : यशस्वी.

३

दहाव्या दिवशी त्या पाच मिनिटांत दोघं हसली.

मोठं हसणं नव्हे. दोघांच्या ओठांच्या कडा एकाच क्षणी वर गेल्या आणि नाकातून हवा बाहेर आली, जसं ओळखीचं कुणीतरी धडपडलं की आपण हसतो. कार्यक्रमातलं अस्वल आठवलं असेल, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात अस्वल नव्हतं, तरी ती हसली.

त्या आठवड्यात गप्पूने टीव्ही सहाच्या दहा मिनिटं आधीच बंद केला.

मी घड्याळ बघितलं. पाच पन्नास. पडद्यावर गाणं चालू होतं, तेही त्याच्या आवडीचं. त्याने ते अर्ध्यात तोडलं, रिमोट दिला आणि लगबगीने आपल्या जागेवर गेला.

"अजून दहा मिनिटं आहेत रे," मी म्हटलं.

"नको," गप्पू म्हणाला.

चार वर्षांचा मुलगा आपण होऊन टीव्ही बंद करतो. मी ग्रंथालयात सगळ्यांना सांगितलं. तिथल्या शिपायांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, त्याला ताप नाही ना?" मी हसले. मला इतका आनंद झाला होता की ते वाक्य मी घरी येऊन दादालाही ऐकवलं.

४

पहिलं वाक्य गप्पूने एका मंगळवारी उच्चारलं, संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी.

मी स्टुलावर होते. मांडीवर वही. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "ती आली."

दोन शब्द, पण कर्ता आणि क्रियापद असलेलं अख्खं वाक्य. माझ्या हातातलं पेन खाली पडलं ते मी उचललंच नाही. त्याला घाबरवायचं नव्हतं, म्हणून अगदी सहज विचारलं, "कोण आली रे?"

"ती."

"ती म्हणजे कोण?"

वकिलाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी उगाच वेळ काढतेय. "अगं, ती," ती म्हणाली.

मी वहिनीला फोन केला. प्रयोगशाळेतून एरवी तिला बोलता येत नाही, पण त्या दिवशी तिने मला तीनदा तेच सांगायला लावलं. घरी आली ती चप्पल न काढताच आत आली. गप्पूसमोर गुडघ्यांवर बसली. "काय म्हणालास बाळा? मला सांग ना."

"ती आली," गप्पू म्हणाला. थोडं थांबून त्याने आईचा गाल पुसला आणि आणखी दोन शब्द जोडले. "रडू नको."

त्या रात्री आमच्या घरात सगळे फार चांगले वागले.

५

त्यानंतर रोज थोडं थोडं. टीव्ही आता वीसच मिनिटं चालायचा, पुढे पुढे पंधरा. बाकीचा वेळ दोघं बंद पडद्यासमोर. पाच मिनिटांचा नियम मीच सैल केला. कुठला वेडा माणूस मुलांना टीव्ही न बघण्यापासून अडवेल?

सगळं मी वहीत टिपत होते. ती आली. ती जिना उतरली. तिने खिडकी पुसली. तिने दिवा लावला. ती कशाची तरी घडी घालत होती. गोष्ट पुढे जायची, पण तिच्यात काही घडायचं नाही. वाघ नाही, राक्षस नाही, हरवणं नाही. एक बाई आणि तिचं घर. ती ते आवरत असते, बस.

आठवड्यातून एकदा आम्ही गप्पूला त्याच्या 'बोलण्याच्या बाईं'कडे नेत होतो. वाचा-उपचार करणाऱ्या त्या बाईंना वकिलाने दिलेलं हे नाव. बाईंनी माझी वही चाळली आणि चष्मा काढून ठेवला.

"सहा आठवड्यांत सात शब्दांवरून इथे? काय करताय काय तुम्ही?"

मी सांगितलं. रिकामा पडदा. कल्पनेला मोकळी जागा. मुलाला गोष्ट देऊ नका, गोष्टीची जागा द्या. मी जरा जास्तच बोलले असेन.

"आणि एक बघा," त्या म्हणाल्या. "तो मघाशी म्हणाला, 'मी बसते.' घरात बायका जास्त बोलतात का?"

"आम्ही दोघी आहोत."

"मग तेच. मुलं ज्याचं ऐकतात त्याच्यासारखं बोलतात. आपोआप सुटेल ते. जे करताय ते थांबवू नका."

घरी येताना मी गप्पूला विचारलं, आज तुझी ती काय करणार आहे? तो बसच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "खुर्च्या आणल्या. लहान. दोन."

गोष्टींमध्ये लहान खुर्च्या असतातच. मी तेही लिहून ठेवलं.

६

मला खटकलं ते त्याचं बोलणं. म्हणजे आनंदच होत होता, पण कान आपलं काम करत राहतात.

एकदा मी ग्रंथालयातून आले, पिशवी टाकली, आणि नेहमीसारखी तडक स्वयंपाकघराकडे निघाले. गप्पू सोफ्यावरून म्हणाला, "आलीस का. बस हो जरा. दमलीस."

'बस हो जरा' आमच्या घरात कुणी म्हणत नाही. दादा म्हणतो, 'चल लवकर.' वहिनी म्हणते, 'उरकलं का?' मी काय म्हणते ते सांगायला नको. आमच्याकडे कुणीही कुणाला बस म्हणत नाही. कार्यक्रमात असेल म्हणून मी त्या पंधरा मिनिटांतली वाक्यं सलग चार दिवस कान देऊन ऐकली. तिथे सगळे ओरडून बोलत होते.

मग मी एक प्रयोग केला. विज्ञान शिकलेलं माणूस दुसरं काय करणार? बंद पडद्यापुढचा वेळ संपल्यावर मी वकिलाला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, आज काय पाहिलंस? ती म्हणाली, "तिचा पाय दुखतोय. अशी चालत होती." आणि डावा पाय जरा ओढत, भिंतीला तळवा लावत, कपाटापर्यंत चालून दाखवलं. मी तिला आतच बसवलं, दार लावलं, बाहेर येऊन गप्पूला विचारलं.

 गप्पू सोफ्यावरून उतरला, भिंतीला तळवा लावला, आणि डावा पाय ओढत टीव्हीच्या कपाटापर्यंत गेला. तिथे पोचल्यावर त्याने कमरेवर हात ठेवून उसासा टाकला. वकिलानेही तसाच टाकला होता. तेवढा वेळ.

दोघं मिळून हा खेळ खेळत असतील. बहीण ठरवते, भाऊ गिरवतो. भावंडांत असंच असतं, दादाने आयुष्यभर माझ्याच नकला केल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावरून फक्त त्यांचे डोळे बघितले. चार बुबुळं एकदमच डावीकडून उजवीकडे सावकाश गेली. थांबली. पुन्हा डावीकडे आली. पापण्या एका वेळी मिटल्या.

खोलीत माशी असेल, असं मला वाटलं. मी उठून माशी शोधली. खिडकीच्या पडद्यामागे, तावदानावर, दिव्यावर. खूप वेळ शोधली. मी टीव्हीच्या पडद्याकडे मात्र बघितलं नाही, आणि आपण बघत नाही आहोत हे मला शोधता शोधता कळत होतं.

७

"वकीलसाहेब," मी तिला विचारलं. आम्ही दोघी धुतलेले कपडे दोरीवरून काढत होतो. ऊन अजून होतं, म्हणून मी ती वेळ निवडली. "ती बाई कुठल्या कार्यक्रमातली?"

"ती कार्यक्रमातली नाहीये."

"मग?"

"ती तिच्या घरातली आहे."

"आणि तुम्ही तिला बघता."

"आम्ही थोडंच बघतो." तिने गप्पूचा मोजा झटकला. "ती जास्त बघते."

"काय बघते?"

"आपल्याला. टीव्ही बंद असला की तिला दिसतं. चालू असला की मधे सगळं ते रंगीत रंगीत येतं ना, मग नाही दिसत. म्हणून गप्पू लवकर बंद करतो. ती वाट बघते."

मी हातातला टॉवेल पुन्हा दोरीवर टाकला. का ते माहीत नाही. "किती वेळ बघते ती? तिच्याकडे नियम नाही का आपल्यासारखा?"

वकिलाने यावर खरंच विचार केला. "नाही. तिला कोण नियम लावणार? ती मोठी आहे."

"म्हणजे दिवसभर?"

"आपला टीव्ही दिवसभर बंदच असतो ना, आत्या," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तूच तर लावू देत नाहीस."

८

मी काही अडाणी नाही. सहा वर्षांच्या मुलीची कल्पनाशक्ती म्हणजे काय, ते मला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत मी स्वतःला ते पुरतं पटवलं होतं. तरी सहा वाजता मी टीव्हीवर चादर टाकली.

मुलांनी चादर ओढली नाही. रडलीही नाहीत. दोघं चादरीसमोर बसून राहिली. काही वेळाने वकील हळूच म्हणाली, "आता तिला नुसतं ऐकू येतं."

समोर पांढरी चादर, खोलीतली हवा थांबलेली. मी चादर काढली, रिमोट घेतला आणि टीव्ही लावला. आवाज बंद केला आणि चित्र चालू ठेवलं. ते मी बंद केलं नाही. जेवताना नाही, झोपताना नाही, सकाळी कामावर जाताना नाही.

पहिल्या संध्याकाळी वहिनी दारातच उभी राहिली. "हे काय?"

"प्रयोग आहे," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "प्राध्यापकांची लिफ्ट खाली निघाली वाटतं." पण त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो हात धुवायला निघून गेला.

गप्पू बोलायचा थांबला. हट्टाने गप्प बसलेलं मूल ओळखू येतं, तसं ते नव्हतं. तो बोलायला तोंड उघडायचा, आणि आत काही नसल्यासारखं पुन्हा मिटायचा. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, पाणी. तिसऱ्या दिवशी, नको. मी त्याला मांडीवर घेऊन पुस्तकं वाचली, गाणी म्हटली, घसा बसेपर्यंत बोलले. तो माझ्या ओठांकडे बघायचा, आणि मग माझ्या खांद्यावरून त्या मुक्या रंगीत चित्रांकडे, आणि त्याच्या डोळ्यांत कंटाळा नव्हता, अडखळणं होतं. रस्त्यात कुणी उभं असलं की पलीकडचं दिसत नाही, तसं.

शुक्रवारी शाळेत भेट ठरली होती. बुधवारी रात्रीचं जेवण झाल्यावर वहिनी माझ्याजवळ आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू काय करत होतीस ते मला नाही समजलं," ती म्हणाली. "मी विचारलंही नाही. चार वर्षं मी त्याच्या तोंडून एक वाक्य यावं म्हणून थांबले होते गं. तो मला 'रडू नको' म्हणाला. जे करत होतीस ते पुन्हा कर ना. परवापर्यंत तरी."

तिला मी काय सांगणार होते? तुझ्या मुलाशी कुणीतरी बोलतंय आणि मी ते तोडलं? मी मुलांचे डोळे मोजले आहेत? ते वाक्य मनातल्या मनात जुळवून पाहिलं आणि मलाच ते एखाद्या ताप आलेल्या माणसाचं वाटलं.

"करते," मी म्हटलं.

९

गुरुवारी मी काम अर्धवट टाकून लवकर घरी आले. खिडकीतून चांगला उजेड येत होता. मुलं सोफ्यावर बसली. तीन दिवस जागा असलेला टीव्ही मी बटण दाबून बंद केला. त्याच्या पाठीत काहीतरी टिकटिकत थंड होत गेलं.

या वेळी मी स्टुलावर बसले नाही. मुलांच्या मधे बसले आणि पडद्याकडे बघितलं.

पडद्यात आम्ही होतो. काळसर, जरा पसरट. सोफा, मधे मी, दोन्हीकडे दोन डोकी, मागे खिडकीचा पांढरा चौकोन, पुस्तकांचं कपाट. मी एकेक वस्तू तपासली. सगळं जागच्या जागी होतं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. माझ्या छातीतून इतका मोठा श्वास बाहेर पडला की पडद्यातली मीसुद्धा हलले.

"तसं नाही, आत्या," वकील माझ्या कानाशी कुजबुजली. "तू आरशासारखं बघतेस. खिडकीसारखं बघायचं."

खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो, आणि डोळे थोडे सैल सोडले की काचेपलीकडचा रस्ता दिसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मला तसं करायचं नव्हतं. पण डोळ्यांना सांगितलेली गोष्ट डोळे करतात.

आमच्या पलीकडे, बरंच आत, पिवळसर उजेड होता. एका खोलीचा कोपरा. घडी करून ठेवलेलं काहीतरी. आणि दोन गुडघे, त्यांवर शेजारी शेजारी ठेवलेले दोन हात. कामाचे हात, बोटं जरा सुजलेली. माणूस काम उरकून, ज्याची दिवसभर वाट बघितली ते बघायला बसतं, तसे ठेवलेले. त्यांच्या वरचं मला दिसलं नाही. वर बघायचं होतं की नाही, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

उजवा हात उचलला गेला. बोटांनी, हळूच, हवेत एकदा थोपटलं.

माझ्या डाव्या बाजूला गप्पू हसला. मग स्वच्छ, भरलेल्या आवाजात म्हणाला, "तीन दिवस कुठे होतात, म्हणते. काळजी लागली होती."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यात आम्हीच होतो.

१०

शुक्रवारी शाळेत मुख्य बाईंनी गप्पूला विचारलं, "बाळ, तुला पाणी हवं असलं तर काय सांगशील?" गप्पूने त्यांच्याकडे, त्यांच्या टेबलावरच्या कागदांच्या ढिगाकडे आणि त्यांच्या पायांकडे नीट बघितलं. "मला आता नकोय," तो म्हणाला. "तुम्ही प्या. सकाळपासून उभ्याच आहात हो." बाई खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. वहिनीने टेबलाखाली माझा हात धरला होता. तो तिने घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

शाळा सुरू होऊन आता पाच महिने झाले. गप्पू वर्गात सगळ्यांत जास्त बोलतो. कुणी रडायला लागलं की त्याच्याजवळ जाऊन बसतो. शिक्षिका म्हणतात, असं मूल पाहिलं नाही. घरात वहिनी गुणगुणते. दादासुद्धा हल्ली कामावरून आला की आधी बसतो. गप्पूच त्याला बसवतो. पालकांच्या एका बैठकीत मला बोलायला बोलावलं होतं. मी मुलांना वेळ द्या, त्यांच्याकडे बघा, एवढंच सांगितलं. चौथ्या नियमाबद्दल बोलले नाही. एका आईने विचारलं, "मग आम्ही टीव्ही दिवसभर बंदच ठेवायचा का?" आणि मी उत्तर द्यायला जरा वेळ लावला.

मी पुष्कळ विचार केला आहे. मुलांसोबत कुणीतरी बसावं, घाई न करता, दुसरं काही न करता त्यांच्याकडे बघावं. एवढंच तर मी सगळ्यांकडे मागत होते. आमच्यापैकी कुणाला ते जमलं नाही, मलाही नाही, माझ्या मांडीवर कायम वही असायची. ज्याला जमतं त्याला मी काय म्हणून हाकलू? वाईट काही झालेलं नाही. मुलं जेवतात, झोपतात, वाढतात. मी रोज तपासते.

आज टीव्ही लावलाच नाही. मुलांनी मागितला नाही. साडेपाचला दोघं आपापल्या जागेवर बसली. मी सोफ्यासमोर जमिनीवर बसून वकिलाच्या वह्यांना कव्हरं घालत होते, पाठ गप्पूच्या पायांना टेकलेली, तोंड पडद्याकडे, नजर कागदावर. घरात कात्रीचा आवाज आणि फ्रिजची घरघर. छान वाटत होतं. इतकं छान मला पूर्वी कधी वाटत नसे.

गप्पूने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या, थोडी बाजूला सरक ना," तो म्हणाला. "तिला मी दिसत नाही."

मी कात्री खाली ठेवली, वह्या उचलल्या आणि सरकले.